तळाच्या दोन जाळ्या

३ मार्च, मंगळवार

ज्या माणसाने बोट धरून शाळेच्या दारापर्यंत नेलं, त्यालाच 'तुमचं चुकतंय' हे चारचौघांत कसं सांगतात? मला नाही माहीत. चार वर्षांत एवढे पेपर दिले, हा प्रश्न एकातही नव्हता.

आज बंगल्याच्या मागच्या अंगणात गेलो. कंपनीचे साहेब, इंजिनिअर म्हणून मी, आणि फिटर म्हणून बाबा. स्विमिंग पूलचा खड्डा खणून झालाय. दहा मीटर लांब, पाच रुंद, एका टोकाला माझं डोकं बुडेल इतका खोल. मी ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन काठावर. बाबा आत, घोट्यापर्यंत मातीत. वर बघून म्हणतात काय — "मॅडमना खुर्ची आणा रे! खड्ड्यात उतरल्या तर पदवी मळेल."

सगळे हसले. साहेब सगळ्यांत जास्त.

घरी 'पोरी' आणि साइटवर 'मॅडम'! तेही असं ताणून, जसं काही मोजायची टेप ओढतायत. बाबा बावीस वर्षं या कंपनीत पाइप जोडतायत. मला कामाला लागून पाच महिने झाले. नोकरी माझी मी मिळवली, त्यांच्या ओळखीने नाही. हे मी त्यांना दहा वेळा सांगितलंय आणि ते दहाही वेळा "बरं" म्हणालेत. त्या 'बरं'चाच मला संताप येतो.

भांडण तळाच्या जाळीवरून. पंप तळातून पाणी ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि बाजूच्या तोंडांतून परत आत सोडतो. तळाचं ओढणारं तोंड, त्यावर जाळी. बाबा म्हणतात एक. साहेब म्हणतात एक. मी म्हणते दोन! एकमेकींपासून सहा फुटांवर, आणि दोघींच्या बरोब्बर मध्ये, जमिनीखाली, एका टीला, म्हणजे तीन तोंडांच्या जोडाला, जोडलेल्या. टीपासून पुढे एकच पाइप पंपापर्यंत. म्हणजे एका जाळीवर कोणी आडवं आलं तरी पाणी दुसरीतून येत राहतं, पंप माणसाला धरून ठेवत नाही. जाळी एकच असेल आणि तिच्यावर एखाद्या लेकराची पाठ टेकली, तर दोन मोठी माणसं ओढत बसली तरी सुटत नाही.

"बावीस वर्षं एकच बसवतोय," बाबा म्हणाले. "अजून कोणी चिकटलं नाही."

"ते तुमचं नशीब. त्याला गणित म्हणत नाहीत."

"मग पाण्याला पदवी दाखवा ना मॅडम. बघा वळतं का."

पुन्हा हशा. बसमध्ये बसले तरी कान तापलेले होते.

४ मार्च, बुधवार

बाबा बोलले नाहीत. मीही नाही. आई म्हणाली, "दोघं आपापलं ताट उचला आणि मला निरोप्या समजू नका."

६ मार्च, शुक्रवार

आज बंगल्याच्या मालकीणबाईंच्या दिवाणखान्यात बैठक. त्यांना तळाला टाइल्सचा मासा हवाय. निळा, चांगला बारा फूट लांब. मी दोन जाळ्यांची जागा दाखवली तशा त्या किंचाळल्याच. "माझ्या माशाच्या पोटात गटार?"

"गटार नाही हो, जाळी."

"मग डोळ्यात बसवा!"

"एक डोळ्यात बसेल. दुसरी शेपटीत जाते."

साहेब माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या घरचंच काहीतरी फोडलंय. म्हणाले, "एकच ठेवू बाई. या नवीन आहेत. पुस्तकातलं अजून उतरलेलं नाही."

शेजारी मालकीणबाईंची मुलगी गालिचावर पालथी पडली होती. दोन लांब वेण्या. म्हणाली, "मी आणि मावशीच्या मुली ना, तळाला बुडी मारून जाळी शिवून वर येणार आहोत! जो आधी शिवेल तो राजा!"

मी तिच्या वेण्यांकडे बघत राहिले.

शेवटच्या वर्षाला आमच्या सरांनी वर्गात एक जुनी जाळी आणली होती. पांढरी, कडेला फुटलेली. फटींमध्ये लांब केसांची गुंडाळी, तशीच ठेवलेली. सरांनी ती फक्त बाकावरून बाकावर फिरवली. ती हातात आली तेव्हा मी ठरवलं होतं की माझ्या कागदावर एकटी जाळी कधीच येणार नाही. आज ते सगळं मी मालकीणबाईंना सांगितलं. मुलीला आधी बाहेर पाठवायला लावलं आणि सांगितलं. मुलगी गेली त्या दाराकडे त्यांनी बघितलं. मग म्हणाल्या, "दोन बसवा. पण मला मासा नीट दिसू दे कागदावर. सगळीकडे तुमच्या रेघाच रेघा."

जिंकले! पंपही तीन हॉर्सपॉवरवरून दीडवर आणला. खरं तर एकचाच पुरतो, साडेसदुसष्ट हजार लिटर सहा तासांत आरामात फिरतं. पण साहेबांचं म्हणणं, "पंपाचा आवाज आला की गिऱ्हाइकाला समाधान वाटतं." अशा माणसाच्या हाताखाली मी काम करते!

बाहेर पडताना साहेब म्हणाले, "आज बोललीस ते बोललीस. परत गिऱ्हाइकासमोर माझा शब्द खोडायचा नाही."

खोडणार. शंभर वेळा खोडणार.

८ मार्च, रविवार

दिवसभर ड्रॉइंग. मासा मोकळा दिसेल असं केलं. सुंदर आलंय. घरी बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर माझी पदवी लटकवलेली आहे. बाबांनी लेव्हल लावून, बुडबुडा बरोब्बर मध्ये आणून ठोकली होती ती फ्रेम. आणि आता तिलाच टोमणे!

९ मार्च, सोमवार

कागद साइटवर दिला. बाबांनी तो पाइपच्या ढिगावर पसरला, चारही कोपऱ्यांवर पाइप वळवायचे एल्बो ठेवले, उकिडवे बसले आणि बघत राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मला घड्याळ दिसत होतं, मला दुसरीकडे जायचं होतं.

"एक विचारू का?" म्हणाले.

मला ठाऊक होतं काय येणार. बावीस वर्षं, आमच्या वेळी, असं कोणी करत नाही. म्हटलं, "नका विचारू. या वेळी तुमचा अनुभव नकोय बाबा. कागदावर आहे तसं करा. इकडचा पाइप तिकडे नको."

"कागदावर आहे तसंच?"

"तसंच!"

"बरं, मॅडम."

परत तेच 'बरं'! पण आज मी वरचढ ठरले. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

११ मार्च, बुधवार

दुसऱ्या साइटवर. ऊन. डोकं दुखतंय. बाबांशी बोलणं — मीठ द्या, मीठ घ्या.

१४ मार्च, शनिवार

पाइप टाकून झाले. मला जायला जमलं नाही, म्हणून साहेबांनी काट्याचा फोटो पाठवला. पाइपांची तोंडं बंद करून आत दाबाने पाणी भरतात आणि वर दाबाचा काटा लावून ठेवतात. काँक्रीट पडेपर्यंत तो हलता कामा नये. काटा दोनवर, चोवीस तास जागचा हलला नाही. बाबांचा काटा कधीच हलत नाही, हे मला शत्रूबद्दलसुद्धा मान्य करावं लागेल. लहानपणापासून ऐकतेय, "काटा खाली आला की फिटरची मान खाली." सकाळी साइटवर पोचले की ते कोणाला नमस्कारसुद्धा न करता आधी काट्याकडे जातात.

त्यांची दुसरी सवय म्हणजे पाइप गाडला जाण्याआधी त्यावर काळ्या मार्करने लिहिणं. कुठून आला, कुठे चालला, बाण, तारीख. "वर राहणारं काय, कोणीही बघेल. खाली जाणाऱ्यावर लिहून ठेवावं." अक्षर चौथीतल्या मुलासारखं, पण एक बाण चुकायचा नाही.

फोटो बघून मी तपासणीच्या कागदावर सही केली.

१७ मार्च, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

आज साइटवर गेले. तळाला काँक्रीटच्या सळ्या बांधून तयार. पंपाच्या खोलीत गेले आणि बघतच राहिले. तळाच्या जाळ्यांचे दोन पाइप. दोन! दोन्ही वेगवेगळे थेट खोलीपर्यंत आलेले, प्रत्येकावर स्वतंत्र वॉल्व्ह, आणि टी त्यांच्या पुढे, पंपाच्या तोंडाशी. बाबा शेजारी उभे, चेहऱ्यावर चक्क कौतुक. म्हणाले, "दोन लाइनी आल्या तर दोन वॉल्व्ह. एक बंद केला की दुसरीला सगळा जोर. खोल बाजूचा गाळ कसा झटक्यात उचलेल बघ."

सगळा जोर एकीला. म्हणजे पुन्हा एकच जाळी! ज्याच्यासाठी मी एवढी भांडले, ते एका हँडलच्या वळणावर संपलं. आणि ते हँडल कोणी ना कोणी वळवणारच, गाळ झटक्यात उचलायला. मग नंतर उघडायला विसरणार. आणि वर ती वेणीवाली बुडी मारणार.

मी ओरडले. सळ्या बांधणारी आठ माणसं हात थांबवून बघत होती. "ड्रॉइंग वाचता येत नसेल तर तसं सांगा ना! टी मध्ये हवा होता, जमिनीखाली! बावीस वर्षं काय नुसती पाइप चिकटवायच्या सोल्युशनची डबी हुंगलीत?"

हे मी बोलले. स्वतःच्या बापाला.

त्यांचा हात शर्टाच्या खिशापाशी गेला. मला वाटलं मार्कर काढतायत. काढला नाही. हात तसाच खाली आला. मग हत्यारांची पेटी उचलून बाहेर गेले.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "काटा धरलाय, सळ्या बांधल्यात. गुरुवारी सकाळी सातला काँक्रीटची गाडी. वॉल्व्हवर पाटी लावू, 'बंद करू नये'."

"पाटी किती दिवस टिकते, साहेब?"

"मग दुसरा रस्ता आहे. लिहून दे की मिस्त्रीने ड्रॉइंग सोडून काम केलं. गाडी थांबवतो, पाइप काढतो. मिस्त्रीला घरी बसवतो. नवी टोळी तयारच आहे माझ्याकडे, निम्म्या वयाची. नाहीतरी तुझं त्यांच्याशी कुठे जमतंय?" वर हेही म्हणाले, "मुलगी म्हणून विचार करू नकोस. इंजिनिअर म्हणून कर."

घरी येऊन लिहायला बसले. चार ओळी. 'सदर फिटरने मंजूर ड्रॉइंगप्रमाणे काम न करता...' यात खोटं काय आहे? एक तरी शब्द खोटा आहे का? तलावात लेकरं उतरणार आहेत. बाबांचं वय झालंय. ऐकत नाहीत. कोणाचंच ऐकत नाहीत.

पत्र बॅगेत ठेवलंय. उद्या देणार.

१८ मार्च, बुधवार

दिलं नाही.

सकाळी आई बाबांचा शर्ट भिजवायला घेत होती. बाबा अंघोळीला. तिने नेहमीसारखे खिसे चाचपले आणि आठ घड्या घातलेला एक कागद माझ्यासमोर ठेवला. "हे तुमच्यातलंच काहीतरी. आठ-दहा दिवस झाले, शर्ट बदलला की कागद नव्या खिशात घालतायत. भिजू देत नाहीत."

उघडला. माझंच ड्रॉइंग. साइटवर दिलेली प्रत.

तळाच्या दोन जाळ्या. त्यांच्यापासून दोन रेघा, शेजारी शेजारी, थेट पंपाच्या खोलीपर्यंत. आणि टी खोलीत, पंपाच्या तोंडाशी. मी काढलेला.

मासा. मासा मोकळा दिसावा म्हणून तळातला टी उचलून मी बाजूला ठेवला होता. फक्त मालकीणबाईंना दाखवण्यापुरता. रविवारी. आणि सोमवारी तीच प्रत छापून साइटवर दिली.

टीच्या शेजारी पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह. लहानसं. बाबांचं. नऊ तारखेचं ते 'एक विचारू का?' हेच होतं. बावीस वर्षं नव्हती, आमच्या वेळी नव्हतं, काही नव्हतं. वॉल्व्ह त्यांनी आपल्या सवयीने घातले, पण रेघा माझ्याच होत्या. आणि काल आठ माणसांसमोर मी त्यांना वाचता येत नाही म्हणाले तेव्हा हा कागद त्यांच्या खिशात होता. हात तिथपर्यंत गेलाही होता. नुसता उलगडला असता तरी पुरे होतं!

का नाही उलगडला? मला राग येतोय. त्यांचाच! एवढं मोठं मन दाखवून माणसाला पार जमिनीत गाडायचं ही कुठली रीत?

पत्र फाडलं. साहेबांना जाऊन सांगितलं, चूक माझ्या ड्रॉइंगमध्ये आहे, गाडी थांबवा.

साहेब हसले. "मग तर प्रश्नच मिटला. ड्रॉइंग तुझं, सही तुझी. बाहेर कुठे बोलू नकोस, तुझंच नाव जाईल. पाटी चांगली मोठी लाव."

"साहेब, त्या घरात लहान मुलं आहेत."

"माझ्याही घरात आहेत. जा, काम कर."

मालकीणबाईंना फोन लावला. गावाला गेल्यात, फोन बंद.

संध्याकाळी बाबा स्टुलावर बसून हत्यारं पुसत होते. त्यांच्यासमोर कागद ठेवला. त्यांनी बघितलंही नाही.

"विचारलं का नाहीत परत?"

"मॅडमनी सांगितलं होतं, विचारू नका."

"बाबा, प्लीज. घरी तरी मॅडम नको."

"काल साइटवर बाप होतो का मी?"

मी कागदाची घडी घातली. म्हटलं, "उद्या गाडी यायच्या आत ते दोन पाइप कापून मध्ये टी टाकून द्याल? तासाभराचं काम. साहेबांना मी बघते."

त्यांनी पाना खाली ठेवला. "काटा धरलेली लाइन मी कापत नाही. बावीस वर्षांत कापली नाही. कापली तर लोक काय म्हणणार, मिस्त्रीचा सांधा गळला. म्हातारा झाला, हात हलतो. त्या साहेबाला तेवढंच हवंय." मग खाली बघूनच, "तुझं खरं आहे. टी खालीच हवा. वॉल्व्हचं माझ्या डोक्यात आलं नाही. पण मी नाही कापणार, पोरी."

आई आतून म्हणाली, "झालं का दोघांचं? ताटं वाढलीत."

कोणी फारसं जेवलं नाही. वाद संपला, तरी घरात कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

१९ मार्च, गुरुवार

सकाळी सव्वासहा. खड्ड्याच्या काठावर बसून लिहितेय, वही भिजलीय.

दोन्ही पाइप कापले. करवतीच्या पात्याच्या एका टोकाला फडकं गुंडाळलं की मूठ होते, हे बाबांनी मी सहावीत असताना शिकवलेलं. सळ्यांच्या चौकोनातून हात खाली घातला आणि जिथे टी हवा होता तिथेच कापले. पाणी तोंडावर उडालं. काटा शून्यावर. आता गाडी आली तरी काँक्रीट ओतता येणार नाही.

मग काळा मार्कर घेतला. बाण काढले, तारीख घातली आणि कापलेल्या टोकांच्या दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत लिहिलं — 'टी इथे हवा. ड्रॉइंग चुकलं, ते माझं. सांधे पक्के होते, लाइन मी कापली.' खाली सही, पूर्ण नाव, पदवीसकट.

साहेबांना फोटो पाठवला. बाबांना नाही. ते आल्या आल्या काटा बघतील, आणि मग पाइप वाचतील.